गोमाबायचा फोन वाजत नव्हता

हे मी बायकोच्या फोटोसमोरसुद्धा कधी बोललो नाही. रोज हार घालतो, उदबत्ती लावतो, गोदामात काय झालं, कुठला टेम्पो अडकला, सगळं सांगतो तिला — हे सोडून. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की कारण दुसरंच काही आहे? मला नाही माहीत. लिहायला बसलोय खरा.

आधीच सांगतो, माझं शिक्षण दुसरीपर्यंत. अक्षर ओळखतो, ओळ वाचायला वेळ लागतो, लिहायला त्याहून जास्त. पण माझ्या मांडवाखाली कुणाची लग्नं लागली नाहीत ते विचारा. सानपाड्याच्या बाजूला आमचं गाव. आता गाव म्हणजे काय, टॉवरांच्या मधे अडकलेल्या चार गल्ल्या. पण लग्न आमच्याकडे अजून गावासारखंच होतं. जमीन गेल्यावर मी बांबू आणि ताडपत्री घेऊन ह्या धंद्यात उतरलो, आज तुर्भ्याला गोदाम आहे. लोक शेठ म्हणतात. मला ते आवडतं. फार आवडतं — निदान हे तरी पहिल्या दमात खरं सांगतो.

गोमाबाय आमच्या गल्लीतली. धवलारीण. बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो, आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण. मांडव उभा राहतो त्या दिवसापासून एकेका विधीचा धवला असतो, तो ती गाते. सगळं तोंडपाठ. गाण्यात ती देवांना आवतण देते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं बोलावते — या, तुमच्या लेकराचं लग्न आहे, मांडवाखाली बसा. आणि ती स्वतः? ती आवतणाशिवाय कुणाच्या दारात पाऊल टाकत नाही. घरच्या माणसानं सुपारी आणि तांदूळ घेऊन तिच्या उंबऱ्यावर जायचं, ही रीत. सुपारी आली नाही तर का आली नाही, हे ती विचारत नाही. विचारणं तिला कमीपणाचं. हे जरा ध्यानात ठेवा. ह्याच्यावरच मी — पण ते पुढं.

माझी सून सुवर्णा साताऱ्याकडची. बाप इथल्या बाजारात पोती वाहायचा, पोरगी कॉम्प्युटर शिकली. गोदाम मुलगा बघतो, ऑफिस ती. तिनं धंद्यात सॉफ्टवेअर आणलं, गिऱ्हाइकांचं. कुणाचं लग्न कधी, मांडव केवढा, कापडाचा रंग कुठला, सगळं त्यात. मग त्यातच तिनं ग्रुप केले — आचाऱ्यांचा, बँडवाल्यांचा, धवलारणींचा. लोक आता एका फोनमध्ये सगळं मागतात ना. मांडव तुमचा, जेवण तुमचं, धवल्याचं पण तुम्हीच बघा. गिऱ्हाइकानं तारीख पक्की केली की त्या त्या ग्रुपातल्या माणसांच्या फोनवर घंटा वाजायची. ग्रुपात प्रत्येकाला एक पद. धवलारणींच्या ग्रुपात जी प्रमुख, तिनं ठरवायचं, ह्या लग्नाला कोण जाईल.

प्रमुख कोण, हा प्रश्नच नव्हता. गोमाबाय.

पण ती तयार होईना. सुपारी नाही, तांदूळ नाही, हे कसलं आवतण? तेव्हा तिला समजवायला मीच गेलो. धंद्याच्या नावावर घेतलेला एक फोन घेऊन तिच्या ओट्यावर बसलो, चहा प्यालो आणि म्हणालो, "गोमाबाय, टावरातली मानसं आता सुपारी घेऊन नाय येनार. ह्याची घंटा वाजली का समज, मीच आयलू सुपारी घेऊन."

तिनं फोन उलटा करून बघितला. हसली. "वाजला का तू आयलास, असाच ना? मंग ठेव तिकरं."

देवाच्या फळीखाली खिडकी होती, तिथं तिनं तो ठेवला. माझ्या शब्दावर ठेवला. सॉफ्टवेअर कुणाचं, कसलं, तिला काय त्याचं?

आता मला सांगा, म्हाताऱ्या माणसाला मुकुट कशाला लागतो?

एकदा ऑफिसात बसलो होतो. सुनेच्या स्क्रीनवर धवलारणींचा ग्रुप उघडा होता. गोमाबायच्या नावापुढं एक छोटा मुकुट. बाकीच्या बायांच्या नावापुढं नुसतं माणसाच्या डोक्याचं चित्र. आणि माझ्या नावापुढं? तेच डोकं.

"हे काय गं?"

"गोमाआजी प्रमुख आहेत ना मामा." तिच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. "तुम्ही सदस्य."

"मांडव माझा, आन मी सदस्य?"

"अहो, हा मान नाही मामा, काम आहे. ज्याला जे काम, त्याला तेवढी बटणं. तुम्हाला काय धवला म्हणायचाय का?"

ती हसली. मी नाही हसलो.

तिला मान वेगळा आणि काम वेगळं दिसत होतं. आम्हा गाववाल्यांना तसं दिसत नाही. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीचा नारळ कुणाच्या हातचा — ह्यावरून आमच्याकडं सख्खे भाऊ बोलायचे थांबलेत. मी त्या ग्रुपाकडं तसाच बघत होतो. वर कोण, खाली कोण. मी धरून बसलो, चहा घेईना, तेव्हा तिनं मला सगळ्या ग्रुपांचा ॲडमिन केलं. सगळ्यात वर. सोनेरी मुकुट. कसं चालवायचं तेही दाखवलं. नावावर बोट दाबून धरायचं, पद बदलायचं, बरोबरची खूण दाबायची. "पण उगाच काही दाबू नका हं मामा." मी म्हणालो, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

सोनेरी मिळाला तरी माझी नजर तिच्या छोट्या मुकुटावरच जायची. असं का व्हावं?

मग गल्लीतल्याच एका घरी मांडव होता. मी नवा माल आणला होता, लोखंडी पाइप, वर प्लास्टिकची पानं. मांडवाची पहिली मेढ, म्हणजे पहिला खांब, उंबराच्या फांदीचा लागतो. ती मी आणली नव्हती. पाइपालाच पानं गुंडाळली, म्हटलं आता कोण बघतंय. गोमाबायनं बघितलं. गायला उभी राहिली आणि थांबली.

"हिराजीदादूस, देव काय पायपावर बसतील काय रं? घसरतील ना बिचारे."

हशा. नवऱ्याची आई पदर तोंडात धरून हसतेय, माझी स्वतःची माणसं शिडीवरून हसतायत. मी पण हसलो — हसावंच लागतं. "उंबर आल्याबिगर मी नाय गानार," म्हणाली आणि पाटावर बसून तिनं पानाचा डबा उघडला. मग मी, शेठ, कुणाच्या तरी स्कूटरवर मागं बसून, हातात कोयता घेऊन, नवी मुंबईत उंबर शोधत फिरलो. जुईनगर स्टेशनच्या मागं नाल्याच्या कडेला एक झाड सापडलं. फांदी घेऊन आलो तर बँडवाल्यानं मुद्दाम वाजवायला घेतलं, वरात आल्यासारखं. परत हशा. आणि फांदी रोवल्यावर गोमाबाय अशी गायली — अशी गायली, की सगळे ते विसरलेसुद्धा.

मी नाही विसरलो. ती बरोबर होती, चूक माझी होती. हेच तर दुखलं. ती चुकली असती तर मी दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर चहा प्यालो असतो.

घरी आलो. फोन काढला. तिच्या नावावर बोट दाबून धरलं. पदं आली, एकाखाली एक. मी एकेक अक्षर लावत वाचत खाली गेलो. सगळ्यात खाली होतं, 'फक्त वाचक'. म्हणजे नाव ग्रुपात राहणार, पण घंटा वाजणार नाही, बोलता येणार नाही, आलेले निरोप गुपचूप साठत जाणार. ज्याला वाचायचे त्यानं उघडून वाचावेत. मी ते दाबलं.

गोमाबायला. जिला स्वतःची सही येत नव्हती.

'रागाच्या भरात' असं इथं लिहिलं होतं. खोडलं. राग असता तर चटकन दाबून मोकळा झालो असतो. मी तर सावकाश, अक्षर लावून, वाचून केलं. मुकुट गेलेला बघितला, आणि मग जेवायला बसलो. बोंबलाचं कालवण होतं. चवीनं खाल्लं.

वाटलं होतं, थोडे दिवस राहू दे, कळू दे तिला. पण कळणार काय होतं? घंटा वाजली नाही एवढंच. आपल्याला कुणी शिक्षा केलीय, हेच जिला ठाऊक नाही, ती धडा कसला घेणार? मग ही शिक्षा होती कुणासाठी — माझ्याच समाधानासाठी ना?

आठवडा गेला, सुवर्णानं विचारलं, "मामा, गोमाआजींचं पद कुणी बदललं?"

इथं सांगता आलं असतं. सगळं तिथंच मिटलं असतं. "मीच," म्हणालो. एवढं खरं. आणि त्याच दमात पुढं म्हणालो, "तीच बोलली. आवाज गेलाय माझा, आता नको. कुनाला सांगू नको बोलली, लाज वाटते."

बघा कसं जमवलं. शेवटचं वाक्य मुद्दाम, म्हणजे तिला कुणी विचारायला जाणार नाही. सुनेच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं तुर्भ्याच्या एका धवलारणीला प्रमुख केलं. ती बाई पण भली. म्हणाली, गोमाबायला माझा नमस्कार सांगा, तिचं ऐकूनच मी शिकले. मी म्हणालो, सांगतो.

आणि गोमाबाय? ती आवतणाशिवाय जात नाही आणि का नाही आलं म्हणून विचारत नाही. ध्यानात ठेवा म्हणालो होतो, ते हे. तिचीच रीत मी तिच्या दाराला कुलपासारखी लावली. आमच्या गल्लीत लग्न झालं, घरच्यांनी धवल्याचंही माझ्यावरच सोपवलेलं, तुर्भ्याची बाई येऊन गाऊन गेली. गोमाबाय ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी समोरून जाताना मान वर करून म्हणाली, "चांगला गायली." बस्स. परत तांदूळ.

तेव्हा बदलून टाकायचं होतं ना? रोज वाटायचं. पण बदललं असतं तर फोन वाजला असता, ती आली असती, गायली असती — आणि सुनेला कळलं असतं की आवाज कुठं गेलाय? आवाज जागेवर आहे. एक खोटं राखायला मी गप्प बसणं धरून बसलो. मांडवाचे दोर आवळतो तसं रोज थोडं आवळत गेलो.

मग माझ्या नातीचं लग्न ठरलं. सुवर्णाची मुलगी. घरात पहिलं लग्न पुढच्या पिढीचं. सुवर्णा म्हणाली, "गोमाआजींना गायचं नाही तर नको, पण मांडवात येऊन बसू तरी देत. मी जाते सुपारी घेऊन."

तिला जाऊ दिलं असतं तर? दोघी समोरासमोर बसल्या असत्या आणि पहिल्या कपातच सगळं उघडं. "मी जातो," म्हणालो. "घरातला मोठा मी हाय."

गेलो. खिशात सुपारी होती, तांदळाची पुडी होती. माझ्या बोटांना अजून ती पुडी आठवते.

मला बघून ती उठली, पदर सावरून परत बसली. नातीचं लग्न गल्लीत कुणाला माहीत नव्हतं? तिला वाटलं असणार — ह्याच्यासाठी घंटा कशाला, दादूस स्वतःच्या पायानं आलाय. माझ्या खिशाकडं तिनं बघितलं नाही. इतकं जपून बघितलं नाही, की मला ते दिसलं. मी हवापाण्याचं बोललो. गुडघ्यांचं बोललो. मग ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला फोन घेऊन आली.

"दादूस, ह्यो फोन बिघरला काय, बघ रं जरा. वाजतच नाय. चार्ज तं मी रोज करतंय."

उघडला. आत निरोपांवर निरोप, एकही वाचलेला नाही. सगळ्यात वरचा माझ्याच घरचा — नातीच्या लग्नाचा.

आता? आता तरी? हात खिशात घातला की सुपारी. दोन शब्दांचं काम. मी इकडं तिकडं बोटं फिरवल्यासारखं केलं आणि म्हणालो, "फोन चांगला हाय. लोकांनाच धवला नको झालाय गो. सगल्यांना डीजे लागतं."

गल्लीतल्या लग्नातला तुर्भ्याच्या बाईचा धवला तिनं ऐकला होता, पण तिनं तो विषय काढला नाही. मग म्हणाली, "तू सांगतंस तं खराच असंल." आणि फोन परत फडक्यात गुंडाळला.

सुनेला मी सांगितलं, तिची तब्येत बरी नाही, नाही येणार.

पुढच्याच आठवड्यात माझ्या मांडवात तुर्भ्याच्या बाईनं धवला गायला. उंबराची मेढ ह्या वेळी मी विसरलो नाही, मोठी फांदी आणली. लाउडस्पीकर मी स्वतः बांधला होता, तोंड गल्लीकडं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. म्हणजे तीन दारं सोडून बसलेल्या गोमाबायलाही गेलं असणार. लोकांना धवला नको झालाय म्हणणाऱ्या माणसाच्या घरचा धवला. त्या घडीला तिला पक्कं कळलं असणार, मी तोंडावर खोटं बोललो होतो ते.

घरातल्या गेलेल्यांची नावं त्या बाईनं मला विचारली. मी सांगितली. बापाचं, आजाचं, आणि बायकोचं — लक्ष्मी. रेशनकार्डावरचं नाव. आणि ती बाई लक्ष्मीला बोलावू लागली, तेव्हा कुठं मला कळलं. माझ्या बायकोला लक्ष्मी म्हणून कधी कुणी हाक मारली होती? सगळ्यांची ती बारकी. गोमाबाय आणि ती एका गावच्या, पोरी असताना मिठागरावर बरोबर जायच्या. बारकी गेल्यानंतर आमच्या भावकीतल्या दर लग्नात गोमाबाय धवल्यात अशी हाक घालायची — "बारके, ये गो" — की मी मांडवाच्या खांबाआड जाऊन उभा राहायचो. नातीच्या लग्नात ती हाक पडली नाही. स्वतःच्या मैत्रिणीला परक्या नावानं बोलावलेलं गोमाबायनं घरात बसून ऐकलं. फोटोसमोर का बोलवत नाही मला, ते आता तुम्हाला कळलं असेल.

शेजारणीनं नंतर सांगितलं. त्या दिवशी गोमाबाय सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यात फूल माळून बसली होती. दार उघडं टाकून. धवला सुरू झाल्यावर तिनं दार लावून घेतलं.

त्यानंतर ती उरणला लेकीकडं गेली. जाताना फोन शेजारणीकडं ठेवून गेली, शेठचा आहे, त्याला दे म्हणून. फडक्यात गुंडाळलेलाच. तो ऑफिसच्या खणात पोचला आणि मग — मग मी तिचं पद परत दिलं. मुकुट आला. सुनेला म्हणालो, मानासाठी राहू दे. आता घंटा वाजते. खणात वाजते, चार्ज मी करतो.

उरणला मी एकदाही गेलो नाही. बस होती, रेल्वे झाली, गुडघे दुखतात म्हणालो. गेलो ते ती गेल्यावर, दहाव्याला. दारातला मांडव मीच घातला, पांढऱ्या कापडाचा. लेकीनं पाणी दिलं, जवळ बसली.

"काका, आई तुमचा लय सांगायची. तुमीच तिला फोन दिलेला ना?"

मी मान हलवली.

"शेवटपर्यंत गात होती. मासली साफ करताना, भांडी घासताना. आख्खेच्या आख्खे धवले. शेजारच्या बाया चूल सोडून येऊन बसायच्या. मी बोलायची, आये, इथं कुनाचा लगीन हाय? तं बोलायची, गप, इसरतील ना."

देव विसरतील, की धवले विसरले जातील, ते लेकीनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायचं तोंड होतं का?

परवा सुवर्णा ऑफिसात ग्रुप नीट लावत बसली होती. जुनी नावं काढत होती, नवी घालत होती. थांबली आणि म्हणाली, "मामा, गोमाआजींचं नाव काढू का आता?"

"राहू दे," म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. "किती माया हो तुम्हाला त्यांची," म्हणाली, आणि उठून माझ्यासाठी चहा टाकला. मी तो प्यालो.

गोमाबायचा आवाज गेला नव्हता. कधीच गेला नव्हता. ते मी म्हणालो होतो.